भिंगाखालची पेशी कुणाची?



डॉ. कमल रणदिवे यांच्या वाट्याला घरोघरी पोचणारी प्रसिद्धी आली ती त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४ व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या पानावर त्यांचं चित्र झळकवलं आणि एका दिवसापुरती सगळ्यांना त्यांची आठवण झाली. पद्मभूषण, कर्करोग-संशोधक, 'संसार सांभाळून विज्ञानाची सेवा करणारी मराठी स्त्री' वगैरे. दुसऱ्या दिवशी विषय मिटला. 'संसार सांभाळून' हे शब्द वाचले की मला नेहमी प्रश्न पडतो, की पुरुष शास्त्रज्ञांचा संसार कोण सांभाळत असतं, आणि तिच्याबद्दल कोणी दोन ओळी का लिहीत नाही?

या अंकाचा विषय 'बाई आणि विज्ञान' असा ठरला, तेव्हा रणदिवे बाईंवरच लिहायचं मी ठरवलं. एक कारण त्यांच्या उमेदीच्या काळातलं कुष्ठरोगाच्या जंतूंवरचं काम. कर्करोगाच्या झगमगाटात ते झाकलं गेलं आहे. दुसरं कारण आपल्या नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधलं आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात या बाई अकोले तालुक्यात, राजूरच्या परिसरात येऊन आदिवासी बाया-मुलांमध्ये काम करत होत्या, हे आपल्याच जिल्ह्यातल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

कमल समर्थ १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. मुलींना शिकवायचं, हे त्या घरात ठरलेलंच होतं. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडिलांची इच्छा अशी, की मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं. मुलीने दोन्ही केलं नाही. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, १९३९ साली गणिताचे अभ्यासक असलेल्या ज. त्रिं. रणदिव्यांशी लग्न केलं आणि लग्नानंतर चार वर्षांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केलं. तेही सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर. नवऱ्याने अभ्यासात मदत केली असं सांगतात. त्याचं कौतुक जरूर करावं. पण अभ्यास तिचा होता.

तो काळ आठवा. याच्या थोडंच आधी, १९३३ साली, कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या असूनही बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, तेव्हा एक वर्ष पारखून घेण्याच्या अटीवर आत घेतलं. नोबेल मिळवलेला माणूस प्रकाशाचे किरण ओळखू शकतो, समोर उभ्या असलेल्या मुलीची बुद्धी ओळखायला त्याला वर्ष लागतं! रामनना पुढे आपलं मत बदलावं लागलं, आणि सोहोनी बाईंनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पण एकेका मुलीने स्वतःला सिद्ध करून दाखवायचं आणि मग दार किलकिलं व्हायचं, हा प्रकार तिथे संपला नाही.

रणदिवे बाई मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. झाली. खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोगाइतकाच त्यांना कुष्ठरोगाचाही ध्यास होता. त्यांच्याच प्रोत्साहनाने बाई अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकायला गेल्या. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेला पेशींचा तुकडा काचेच्या भांड्यात, योग्य ऊब आणि योग्य खाद्य देऊन जिवंत ठेवायचा, वाढवायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण पेशी म्हणजे तान्हं मूल. वेळेवर खायला घातलं नाही, जरा जंतुसंसर्ग झाला, की मेल्या.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. डॉ. गाय यांची प्रयोगशाळा जगाला माहीत झाली ती एका बाईच्या पेशींमुळे. हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय बाई, तंबाखूच्या शेतात राबून वाढलेली, पाच मुलांची आई. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ती १९५१ साली जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णालयात आली. तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून घेतला गेला आणि गाय यांच्याकडे पोचला. ती त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. तिच्या पेशी मात्र काचेत वाढतच राहिल्या. माणसाच्या पेशींचा हा पहिला न मरणारा वाण. पोलिओच्या लशीपासून किती शोध त्यांवर लागले, किती कंपन्यांनी त्या विकल्या! घरच्यांना या गोष्टीचा पत्ता लागला तो १९७० च्या दशकात, आणि एका बड्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली ती २०२३ मध्ये. रणदिवे बाईंना हे सगळं माहीत होतं असं मला सुचवायचं नाही. तो प्रश्न तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. पण ज्या विद्येवर पुढे भारतातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा मुंबईत त्यांनी उभी केली, त्या विद्येच्या पायाशी एक न विचारलेली बाई आहे, हे आपण विसरता कामा नये.

आता त्या जंतूकडे येऊ.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेत बर्गनच्या डॉ. हॅन्सेननी शोधला. माणसाच्या रोगाला जबाबदार म्हणून ओळखल्या गेलेल्या अगदी पहिल्या जंतूंपैकी हा एक. पण शोध लागून दीडशे वर्षं झाली, तरी हा जंतू काचेच्या भांड्यात, कुठल्याही खाद्यावर आजतागायत वाढलेला नाही. क्षयाचा जंतू वाढतो, पटकीचा तर काही तासांत भांडं भरून टाकतो. हा बाबा जिवंत पेशीतच राहणार. एकाचे दोन व्हायलाच याला बारा-चौदा दिवस लागतात. घाई म्हणून नाही. म्हणूनच लागण झाल्यावर रोग दिसायला कित्येक वर्षं जातात, आणि 'हिला कुणापासून लागलं' या गावकीच्या चौकशीला काही अर्थ उरत नाही.

त्याला सर्वांत प्रिय असतात त्या मज्जातंतूंभोवती वेटोळं घालून बसणाऱ्या पेशी. त्यांना श्वान पेशी म्हणतात. (श्वान हे शास्त्रज्ञाचं नाव आहे, कुत्र्याचा काही संबंध नाही.) वायरीवर रबराचं वेष्टन असावं तसं या पेशी मज्जातंतूंचं रक्षण करतात. जंतू आपल्या अंगावरच्या एका विशिष्ट मेदाच्या आधाराने या पेशींच्या वेष्टनाला चिकटतो आणि आत शिरतो. हे कुलूप-किल्लीचं गणित १९९० च्या दशकाच्या अखेरीस उलगडलं. २०१३ मध्ये तर उंदरांच्या पेशींवर असं दिसलं, की आत शिरलेला जंतू श्वान पेशीला तिची ओळखच विसरायला लावतो. ती पुन्हा कोवळ्या, काहीही होऊ शकणाऱ्या पेशीसारखी बनते आणि जंतूला इकडेतिकडे पसरायला वाहन मिळतं. मज्जातंतू सुन्न पडतो तो यातून, आणि त्याहून अधिक आपल्याच शरीराच्या प्रतिकारातून. मग चुलीवरचं पातेलं हाताला चटका देतं आणि बाईला कळत नाही. बोटं झडतात असं आपण म्हणतो; रोगाने बोटं झडत नसतात. न कळलेले चटके, न कळलेल्या जखमा हात खातात.

रणदिवे बाई या जंतूच्या मागे लागल्या तेव्हा यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. मज्जातंतूत राहणारा जंतू वाढवायचा तर त्याला मज्जातंतूचीच पेशी द्यायला हवी, हा त्यांच्या गटाचा सरळ विचार. मानवी गर्भाच्या पाठीच्या कण्यालगतच्या मज्जागाठींमधल्या पेशी काचेत वाढवायच्या आणि त्यांच्या सोबतीत रुग्णाच्या गाठीतला जंतू. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये असा एक जंतू वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या नावावरून तो आय.सी.आर.सी. जंतू म्हणून ओळखला गेला. रणदिवे बाई तेव्हा चाळिशीच्या होत्या.

तो खरोखर कुष्ठरोगाचाच जंतू होता का? नव्हता. पुढच्या तपासण्यांत तो त्याच्या भाऊबंदांपैकी, वेगळ्या जातीचा निघाला. वर्तमानपत्रांच्या 'पहिल्या महिला' छापाच्या लेखांत हे सांगत नाहीत. नायिकेला डाग लागतो असं वाटत असावं. मला तर उलट यातच विज्ञानाची खरी चाल दिसते. कारण जंतू भाऊबंद असल्यानेच त्याच्यात लशीचे गुण निघाले. त्याच संस्थेत पुढच्या पिढीने त्यापासून लस तयार केली, आणि १९९१ साली दक्षिण भारतात सुरू झालेल्या मोठ्या तुलनात्मक चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं; क्षयाविरुद्धची नेहमीची बीसीजी लस त्याच चाचणीत ३४ टक्क्यांवर राहिली. तरीही ही लस कुणाच्या दंडावर पोचली नाही. कार्यक्रमाचा सगळा भर औषधांवर गेला होता. गोळ्यांनी रोग बरा होतोय म्हटल्यावर लशीची निकड कुणाला वाटणार?

आणि त्या गर्भपेशी? त्या कुठल्या तरी बाईच्या पोटातून आल्या होत्या. तिचं नाव कुठल्याच शोधनिबंधात नसतं. तिला विचारण्याची रीत तेव्हा जगात कुठेच नव्हती.

असं म्हणताना मला बर्गनचीच एक गोष्ट सांगायला हवी. जंतू शोधल्यावर तो रोग पसरवतो हे हॅन्सेनना सिद्ध करायचं होतं. १८७९ साली त्यांनी आपल्या रुग्णालयातल्या कारी नील्सदात्तर या ३३ वर्षांच्या कुष्ठरुग्ण बाईच्या डोळ्यात दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला द्रव सुईने घातला. तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे त्यांनाही कळत होतं. प्रकरण कोर्टात गेलं. १८८० साली हॅन्सेन दोषी ठरले आणि रुग्णालयातलं त्यांचं पद गेलं. कुष्ठनिवारणाचं देशपातळीवरचं पद मात्र कायम राहिलं. तरीही एका गरीब, आजारी बाईच्या बाजूने एकोणिसाव्या शतकातल्या न्यायालयाने निकाल दिला, ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडे १९८६ मध्ये नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध स्त्री-संघटनांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं, ते याच प्रश्नासाठी. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत आदिवासी व गरीब मुलींना एच.पी.व्ही.ची लस टोचताना पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या घेतल्या गेल्या, तेव्हाही प्रश्न तोच होता. संशोधन नको असं आपण कधीच म्हटलेलं नाही. आधी विचारा, एवढंच म्हणत आलो आहोत.

कुष्ठरोग बाईला वेगळा छळतो. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी मवाळ होते, कारण पोटातलं परकं बाळ तिला सांभाळायचं असतं. बाळंतपणानंतर ती एकदम परतते, जंतूंवर तुटून पडते आणि त्या लढाईत मज्जातंतू होरपळतात. बाळंतिणीचा हात अचानक लुळा पडतो, पाय ओढला जातो. सासरी म्हणतात, बाहेरची बाधा. नाहीतर म्हणतात, बाळंतपण सोसलं नाही. स्टिरॉइडच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या तर तो हात वाचतो. हे किती सासवांना, आणि किती परिचारिकांना माहीत आहे? आणखी एक. या रोगाच्या तीन औषधांपैकी क्लोफाझिमीनने कातडी काळपट पडते. गोळ्या संपल्यावर काही महिन्यांनी रंग परत येतो, पण हे सांगायला कुणी बसत नाही. ज्या समाजात मुलीचं लग्न रंगावर अडतं तिथे ती गोळ्या चुलीत टाकते, आणि नोंदवहीत 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा पडतो.

मग टाकून देणं. संगमनेरला १९८८ साली परित्यक्ता बायांची परिषद भरली, तेव्हा नवऱ्याने टाकण्याची कारणं आपण मोजायला शिकलो. मूल होत नाही, मुलीच होतात, हुंडा कमी पडला. आजारपण हे त्यातलंच एक, आणि कुष्ठरोगाला तर कायद्याचाच आधार होता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेला होता. बहुविध औषधोपचार भारतात १९८३ पासून सुरू झाले, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा व्हायला लागला, आणि पहिल्या काही मात्रांतच लागण थांबायला लागली. तरी कायद्यातलं ते कलम निघायला २०१९ साल उजाडलं! छत्तीस वर्षं विज्ञान पुढे आणि कायदा मागे. कलम गेलं खरं. टाकून द्यायला आपल्याकडे कलम लागतं कुठे?

म्हणूनच रणदिवे बाईंचा राजूरचा मुक्काम मला त्यांच्या पुरस्कारांपेक्षा मोठा वाटतो. १९७३ साली त्यांनी सहकारी शास्त्रज्ञ बायांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला. वाशीला या संघाचं काम उभं राहिलं त्यात भाषणांच्या सभागृहाबरोबर नोकरदार बायांचं वसतिगृह आणि पाळणाघर आलं. मोठ्या माणसांच्या संस्थांना पाळणाघर सुचत नाही. निवृत्तीनंतर त्या अकोले तालुक्यात आल्या. राजूरच्या सत्यनिकेतन संस्थेच्या साथीने आदिवासी मुलांच्या आहाराच्या, कुपोषणाच्या नोंदी घेतल्या, गावातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. सत्तरी ओलांडलेली बाई, सह्याद्रीच्या त्या पावसाच्या मुलखात. याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जामखेडच्या दुष्काळी भागात, मेबल आणि रजनीकांत आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, बहुतेक दलित आणि टाकलेल्या बायांना ग्रामआरोग्यसेविका बनवलं होतं. गर्भवती तपासणं, क्षयरोगी ओळखणं, पाठीवरचा सुन्न चट्टा शोधणं, जखम धुणं हे सगळं त्या करत. कुष्ठरोग्याला वेगळं न काढता सगळ्यांबरोबर त्याच दवाखान्यात बसवणं हे त्या बायांनीच गावाच्या गळी उतरवलं. जीवाणू म्हणजे काय हे त्यांना शिकवावं लागलं, पण माणसाला वाळीत टाकणं म्हणजे काय, हे त्यांना आधीच माहीत होतं.

(नगर हे तसं या नात्याचं जुनं गाव. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे इथे मिस फरार यांच्याकडे घेतले, आणि १८९७ साली प्लेगच्या मुलाला उचलून आणताना त्या जंतूनेच त्यांचा बळी घेतला.)

आज चित्र काय आहे? २००५ अखेर भारताने कुष्ठरोग 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' म्हणून दूर झाल्याचं जाहीर केलं. दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. समज मात्र असा झाला, की रोग गेला. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही आपल्या देशात सापडतात, वर्षाला लाखाच्या घरात. ते शोधायला घरोघरी फिरतात त्या आशा. २०१६ पासूनच्या शोधमोहिमांत पुरुष स्वयंसेवकाबरोबर आशा असते, कारण लुगड्याआडचा चट्टा बाईच बाईला दाखवते. ती 'स्वयंसेविका' असल्याने तिला पगार नाही, प्रत्येक कामामागे मोबदला. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या आशांना त्यासाठी संपावर बसावं लागलं.

आणि प्रयोगशाळेत? तिथे आता मुली भरपूर आहेत. जीवशास्त्राच्या वर्गात तर त्याच जास्त. कनिष्ठ संशोधकाची राष्ट्रीय पाठ्यवृत्ती २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली; पाठ्यवृत्ती नसलेली, प्रकल्पावर घेतलेली मुलगी मात्र प्रकल्प संपला की घरी. २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या मुलीला २४० दिवसांची प्रसूती-रजा दिली. पण जंतूंच्या पेशीसंवर्धनाचं काम रजेवर जात नाही. परत यावं तो तिचा विषय दुसऱ्या कुणाकडे गेलेला असतो. पीएच.डी. आणि नोकरी यांच्यामधली पाच-सात वर्षं नेमकी लग्नाची आणि मुलांची. देशातल्या विज्ञानाच्या सर्वांत मानाच्या भटनागर पुरस्काराला दशकानुदशकं वयाची अट होती पंचेचाळीसची. त्यात कुणाची वर्षं वजा होतात हे सांगायला नको. लैंगिक छळाविरुद्धची समिती २०१३ च्या कायद्याने आली. पण जिथे मार्गदर्शकाच्या एका सहीवर सहा वर्षांचं काम अडलेलं असतं, तिथे तक्रार करायला फार मोठी छाती लागते.

अशा मुली आपल्या गटांकडे फारशा येत नाहीत, आपणही त्यांच्याकडे जात नाही. त्यांना आपण 'शिकलेल्या, सुरक्षित' समजतो, त्यांना आपण 'मोर्चेवाल्या' वाटतो. श्वान पेशीत जंतू काय करतो हे रात्र-रात्र जागून पाहणारी मुलगी आणि चट्टा शोधत उन्हातान्हात फिरणारी आशा एकाच रोगाच्या दोन टोकांना उभ्या आहेत, आणि दोघींची नेमणूक तात्पुरती आहे.

दरवर्षी ३० जानेवारीला 'स्पर्श' मोहिमेत ग्रामसभांमधून कुष्ठरोगाविषयीची प्रतिज्ञा वाचतात. अकोले, संगमनेर, जामखेडच्या गटांना माझी विनंती आहे, की यंदा त्या सभेला जा आणि तीन गोष्टी विचारा. बायांची तपासणी बाई करते का, आणि आडोशाला करते का? औषधाने रंग काळवंडतो आणि परत येतो, हे गोळ्या देतानाच सांगतात का? उपचार चालू असलेल्या गरोदर बाईला बाळंतपणानंतरच्या धोक्याची कल्पना कोण देतं? मिळतील ती उत्तरं जशीच्या तशी लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू. आणि गटातल्या कुणाची मुलगी, भाची, पुतणी एखाद्या प्रयोगशाळेत काम करत असेल, तर तिलाही त्या सभेला घेऊन जा.